मोठी चाकं बसवून आठ महिने झाले

कंपनीचे १८५/६५ आर १५ टायर काढून मी हॅचबॅकला २०५/६० आर १६ बसवले, अलॉय रिमसकट. अकरा हजार किलोमीटर झालेत. दिसायला गाडी देखणी झाली आणि आजही पार्किंगमध्ये मागे वळून बघतो. खड्ड्यांतून, कच्च्या रस्त्यावरून ती आधीपेक्षा निर्धास्त जाते. पोट जमिनीपासून १५ मिलीमीटर उचललं गेलं, ते स्पीडब्रेकरवर लगेच कळतं.

पण घेताना मी फक्त रिमचा इंच बघितला, टायरची पूर्ण उंची काढलीच नाही. गणित सोपं आहे. टायरची रुंदी १८५ मिलीमीटर, तिचे ६५ टक्के म्हणजे १२० मिलीमीटर, ही टायरच्या एका बाजूची उंची. ती दुप्पट करून रिमचे १५ इंच, म्हणजे ३८१ मिलीमीटर, मिळवले की चाकाचा व्यास ६२१.५ मिलीमीटर येतो. नव्याचा येतो ६५२. पाच टक्के फरक! पुढचं सगळं त्या पाच टक्क्यांनी केलं.

दुकानात चाक मोकळं फिरलं होतं, कारण गाडी जॅकवर होती आणि सस्पेन्शन लोंबत होतं. तिसऱ्या आठवड्यात घरची चार माणसं आणि सामान घेऊन निघालो, स्टिअरिंग पूर्ण वळवून रिव्हर्स घेतली आणि पुढून खर्रर्र आवाज आला. चाकामागे हात घातला तर चाकाच्या वरच्या कमानीत आतून असलेल्या प्लॅस्टिकच्या लायनरवर बोटभर रुंद चकचकीत पट्टा पडलेला, एक क्लिप तुटलेली. क्लिप बदलली, पण गाडी भरलेली असली की अजूनही घासतं.

मीटरचंही तेच. आधी काटा ८० वर असताना जीपीएस ७७ दाखवायचं, आता ८१ दाखवतं. कंपन्या मीटर मुद्दाम थोडं जास्त दाखवणारं ठेवतात, ती सवलत मी घालवून बसलो. अ‍ॅव्हरेज १७ वरून १५.२ वर आलं तेव्हा जीव हळहळला. मग लक्षात आलं, किलोमीटरही पाच टक्के कमी मोजले जातायत. हिशोब दुरुस्त केल्यावर १६ आलं. म्हणजे खरा तोटा एक किलोमीटरचा. पिकअप मात्र नक्की बसलाय. चढावर जिथे तिसरा गिअर पुरायचा तिथे आता दुसरा टाकावा लागतो. एकेक चाक साडेतीन किलोने जड झालंय, तेही आहेच.

रिमचा ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतचं अंतर; ते कमी झालं की चाक बाहेर येतं) ४५ मिलीमीटरऐवजी ३८ आणि रुंदी अर्धा इंच जास्त, त्यामुळे चाकाची कड १३ मिलीमीटर बाहेर आली. पावसात दारं चिखलाने माखतात. नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरायचं, ते हब रिंग (रिमचं मधलं भोक आणि हब यांतली फट भरणारी कडी) बसवल्यावर थांबलं. बॅलन्सिंग दोनदा करून काही उपयोग झाला नव्हता.

रिम ठेवणार आहे. टायर मात्र पुढच्या महिन्यात २०५/५५ आर १६ करतोय, त्याचा व्यास ६३२ येतो, कंपनीच्या टायरपेक्षा जेमतेम पावणेदोन टक्के जास्त. आणि स्टेपनी अजून जुन्याच मापाची आहे. मोठे टायर असेपर्यंत ती पुढे लावायची नाही. पुढचं पंक्चर झालं तर मागचं चाक पुढे आणि स्टेपनी मागे. दोनदा जॅक लावावा लागतो, पण इंजिनचा जोर घेणारी पुढची दोन्ही चाकं सारख्या मापाची राहतात.