लिंक्डइन: नोकरी शोधणाऱ्याच्या नजरेतून

2003 साली सुरू झालेले आणि 2016 पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे असलेले लिंक्डइन हे संकेतस्थळ आपली व्यावसायिक ओळख मांडण्यासाठी आजही उपयुक्त आहे, मात्र ते जुन्या बायोडेटाची नक्कल म्हणून वापरल्यास त्याचा फारसा लाभ होत नाही. नावाखालच्या मथळ्यासाठी 220 अक्षरांची जागा मिळते. तिथे केवळ पदनाम लिहून थांबण्याऐवजी आपण कोणते काम, कोणत्या क्षेत्रात आणि कोणत्या साधनांनी करतो हे लिहावे, कारण भरती करणारे लोक अशाच शब्दांनी शोध घेतात. अनुभवाच्या रकान्यातही जबाबदाऱ्यांच्या यादीपेक्षा प्रत्यक्ष केलेले काम सांगणे अधिक परिणामकारक ठरते.

आपण नोकरीच्या शोधात आहोत हे दाखवणारी ‘ओपन टू वर्क’ ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते. ती सर्वांना दिसेल अशी ठेवता येते किंवा केवळ भरती करणाऱ्यांपुरती मर्यादित करता येते. दुसऱ्या पर्यायात सध्याच्या कंपनीतील भरती विभागापासून ही माहिती लपवण्याचा प्रयत्न केला जातो, परंतु संपूर्ण गुप्ततेची हमी स्वतः लिंक्डइनही देत नाही, हे नोकरीत असलेल्यांनी लक्षात ठेवावे.

मुखपृष्ठावरील आत्मस्तुतीचा पूर मात्र कंटाळवाणा आहे. (पदोन्नतीची बातमी नम्रतेने देणारे तिथे विरळाच.) प्रीमियम सदस्यत्व महाग वाटते, पण नोकरीचा शोध नेटाने सुरू असेल, तर मोफत चाचणीचा काळ तेवढा वापरून पाहावा.