जेटमागून उडताना: लगेच निघावं की मिनिटभर थांबावं?

नागपूर, छत्रपती संभाजीनगरसारख्या ठिकाणी एअरबस 320 हे मोठं जेट आणि आपली छोटी सेस्ना 172 एकाच धावपट्टीवरून उडतात. जेटच्या पंखांमागे हवेचे जोरदार भोवरे उरतात, म्हणून जेटमागे टॉवर आपल्याला 2 मिनिटं थांबवतो. धावपट्टीच्या टोकाऐवजी मधल्या टॅक्सीवेवरून (जोडरस्त्यावरून) निघालात तर 3. त्यामुळे मधून निघण्यात फारसं हशील नाही. जेटने नाक उचललेली जागाही उलट जवळ येते. तो पर्याय मी सोडूनच दिला.

खरा प्रश्न 2 मिनिटं संपल्यावरचा. लगेच निघायचं, की आणखी मिनिटभर मागून घ्यायचं?

लगेच निघणाऱ्यांची रीत अशी: जेटने नाक उचललं त्या जागेच्या बऱ्याच अलीकडे जमीन सोडा, त्याच्या वाटेच्या वर राहा, मग वारा येतो त्या बाजूला वळा. भोवरे खाली बसतात आणि वाऱ्याबरोबर सरकतात, म्हणून हे चालतं. थंडीतल्या सकाळी, बऱ्यापैकी आडवा वारा असेल तर उत्तमच.

पण वर राहणार कसं? जेट दीडशे नॉटला मिनिटाला दोन हजार फूट चढतं. मे महिन्यात आपण पंचाहत्तर नॉटला जेमतेम पाचशे. विमानतळाची हद्द सोडता सोडता आपण त्याच्या वाटेखाली असतो आणि भोवरे मिनिटाला तीनशे ते पाचशे फुटांनी खाली येत असतात. म्हणजे सगळी मदार वळणावर. मला खटकतं ते नेमकं इथे. वळायला टॉवरची परवानगी हवी, आणि चारशे फुटांवर, नाक वर असताना, रेडिओ फ्रिक्वेन्सीवर दुसऱ्याच कुणाचा लांबलचक रीडबॅक (टॉवरच्या सूचना परत म्हणून दाखवणं) चालू असतो. बटणावर अंगठा ठेवून सरळ चढत राहायचं, दुसरा इलाज नसतो. माझा निर्णय त्या क्षणांनी केला.

थांबण्याचाही त्रास आहेच. नाक वाऱ्याकडे ठेवलं तरी उन्हात ऑइल टेम्परेचरचा काटा सरकतो, विद्यार्थी चुळबुळतो. इंजिन तापलं असेल तर निघणंच बरं, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी नळी) लोंबत असेल, किंवा आडवा वारा 3 ते 5 नॉटच असेल, तर मी थांबतोच. एवढा वारा तो येतो त्या बाजूचा भोवरा धावपट्टीवरच अडकवून ठेवतो.

जादा मिनिट मागायचं ते होल्डिंग पॉइंटवरच (धावपट्टीबाहेर थांबायच्या जागी) मागा, लाइन अपच्या, म्हणजे धावपट्टीवर जाऊन उभं राहण्याच्या आधी. धावपट्टीवर उभं राहून मागितलं तर फायनलवरच्या, म्हणजे उतरायला आलेल्या विमानाला गो-अराउंड करावं लागेल, न उतरता पुन्हा वर जावं लागेल.