नाटकाची इंटर्नशिप संपल्यावर कमरेच्या पिशवीत काय असावं?

इंटर्नशिप चालू असते तोवर पाना, टेप, टॉर्च सगळं थिएटरच्या कपाटातून निघतं आणि तिथेच परत जातं. कॉलेज सुटलं, रोजंदारीवर लाइट लावायला किंवा नेपथ्य उभं करायला जायची वेळ आली, की प्रत्येकाकडून स्वतःची हत्यारं घेऊन येण्याची अपेक्षा असते. मग घाईत 'बॅकस्टेज किट' म्हणून तयार मिळणारा पाऊच घेतला जातो. आमचं मत सरळ आहे : तयार संच घेऊ नका. त्यातल्या निम्म्या वस्तू कधी बाहेर निघत नाहीत आणि रोज लागणारा पाना बहुतेकदा त्यातच सगळ्यांत हलका असतो. चार-पाच गोष्टी सुट्या घ्याव्यात, बाकीचं काम मिळत जाईल तसं.

सुरुवात स्क्रू पान्यापासून. 8 इंची, म्हणजे 200 मिमीचा घ्या. दिवा पाइपला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पवर बहुतेक ठिकाणी 10 किंवा 12 मिमीचा बोल्ट असतो, त्याचं डोकं 16 ते 19 मिमी भरतं. 6 इंची पान्याचा जबडा तिथवर जेमतेम उघडतो आणि दांडा आखूड असल्याने घट्ट बसलेला बोल्ट सुटत नाही. 10 इंचीत उलटा धोका आहे. हाताला कळण्याआधी जास्त जोर लागतो आणि ॲल्युमिनियमच्या क्लॅम्पचे आटे जातात. विंगनट (पंखासारखे दोन कान असलेला नट) असेल तिथे तर पाना लावूच नये, तो हातानेच आवळायचा.

दुकानात पाना बघताना जबडा साधारण 19 मिमीवर उघडा आणि हलता जबडा अंगठ्याने दाबून पाहा. खडखडला तर ठेवून द्या. तो बोल्टवर नीट बसणार नाही, घसरेल आणि डोक्याच्या कडा गोल करेल. वापरतानाही जोर नेहमी स्थिर जबड्यावर येईल अशी दिशा धरायची. उलटं धरलं की फिरकी हळूहळू सुटते, आणि मग पान्याला नावं ठेवली जातात.

दांड्याच्या टोकाला भोक नसेल तर तो पाना शिडीवर न्यायचा नाही. भोकातून लॅनयार्ड, म्हणजे हत्यार खाली पडू नये म्हणून बांधायची दोरी, दुसरं टोक पट्ट्याला किंवा हार्नेसला. किल्ल्यांच्या जुडग्याला लावतात ती शोभेची कडी इथे चालत नाही. कॅराबिनरवर (लॅनयार्ड अडकवायच्या धातूच्या कडीवर) आणि लॅनयार्डवर किती वजनाला चालतं ते छापलेलं असायला हवं. लांबी हात पूर्ण ताणल्यावर पुरेल एवढीच ठेवा. जास्त ठेवली तर ती शिडीच्या पायरीत अडकते. वर चढण्याआधी खिसे रिकामे करायची सवय इंटर्नशिपमध्ये लागली नसेल तर आता लावून घ्या, खिशातला फोनसुद्धा खालीच ठेवायचा. आणि दिवा उतरवताना सेफ्टी वायर, म्हणजे क्लॅम्प सुटला तरी दिवा धरून ठेवणारी तार, सगळ्यांत शेवटी सोडायची.

आता टेप. सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात ते इथेच, कारण डक्ट टेप आणि गॅफर टेप लांबून सारखेच दिसतात. गॅफर कापडी असतो, वरून मॅट, म्हणून स्पॉट पडला तरी चमकत नाही. हाताने आडवा सरळ फाटतो. फाडताना लांब धागे लोंबायला लागले किंवा कड तिरकी गेली तर माल हलका. डक्ट टेपचा गोंद उष्णतेने मऊ होतो आणि मागे चिकट थर राहतो. तो रंगमंचाच्या फळीवरून काढण्यात प्रयोगानंतरचा अर्धा तास जातो. 48 मिमी रुंदीचा, 50 मीटरचा काळा रोल ही नेहमीची खरेदी. मात्र चांगला गॅफरसुद्धा कित्येक आठवडे एका जागी ठेवला तर डाग सोडतोच. काढताना तो स्वतःवरच दुमडून, जमिनीलगत, सावकाश ओढायचा. उभा वर खेचला की रंगाचे पोपडे सोबत येतात.

केबल चिकटवताना आधी फरशी झाडा. टेप सुटण्याचं कारण निम्म्या वेळा धूळ हेच असतं. केबल सरळ करून आधी मीटरभर अंतरावर छोटे आडवे तुकडे लावा, मग केबल मधोमध येईल असा लांबीने टेप. 48 मिमीखाली एकच बारीक केबल नीट बसते. तीन केबल कोंबल्या तर दोन्ही बाजूंना चिकटायला जागाच उरत नाही, तिथे रुंद टेप किंवा केबल रॅम्प (केबल झाकणारी उतरती पट्टी) हवा. गुंडाळलेल्या केबलला गॅफर बांधणाऱ्याला पुढच्या माणसाच्या शिव्या खाव्या लागतात, आणि ते योग्यच आहे : गोंद केबलवर राहतो, त्यावर माती बसते. सुती दोरी किंवा वेल्क्रो वापरा.

रंगमंचावर सामान कुठे ठेवायचं त्याच्या खुणांसाठी 12 मिमीचा रंगीत कापडी टेप वेगळा ठेवा. वीजवाल्यांचा पीव्हीसी टेप लावताना ताणला जातो, नंतर आकसतो आणि कोपरे उचलतात. टेबलाच्या चारही पायांना खुणा करायची गरज नसते. प्रेक्षकांपासून दूरच्या दोन कोपऱ्यांना इंग्रजी एलच्या आकाराची खूण पुरते. अंधारात चमकणारी पट्टी पायऱ्यांच्या कडेला लावावी, पण तिला आधी उजेड मिळाला तरच ती चमकते. विंगेतले दिवे प्रयोगाच्या बऱ्याच आधी बंद होत असतील, तर पडदा उघडण्यापूर्वी प्रत्येक पट्टीवर टॉर्च फिरवून घ्यावा लागतो.

टॉर्चबाबत जाहिरातीत ल्युमेनचे आकडे मोठे असतात. विंगेत त्यांचा उपयोग नाही, उलट त्रास आहे. तिथे अगदी मंद उजेड पुरतो. पाहायची गोष्ट एकच : बटण दाबल्यावर पहिला लाल उजेड येतो का? पांढऱ्या झोतातून जाऊन मग लाल लागणारा हेडटॉर्च ब्लॅकआउटमध्ये पहिल्या रांगेला दिसतो. लाल उजेडाचा एक तोटा मात्र कुणी सांगत नाही. त्यात लाल शाईने लिहिलेले क्यू (दिवे किंवा आवाज बदलण्याचे इशारे) जवळजवळ नाहीसे होतात, पिवळा हायलायटरही दिसत नाही. रंगमंच व्यवस्थापक व्हायचं असेल तर प्रॉम्प्ट बुक, म्हणजे सगळे क्यू नोंदवलेली संहितेची प्रत, 2बी पेन्सिलीने लिहा. गडद उमटते आणि तालमीत क्यू सरकला की खोडता येते.

हातमोजे चामड्याच्या तळव्याचे, बोटांना बेतशीर. हॅलोजनच्या दिव्याची काच मात्र मळलेल्या मोज्याने किंवा उघड्या बोटांनी धरायची नाही. तेलाचा डाग राहिला की तिथे काच जास्त तापते आणि दिवा लवकर जातो.

मल्टीमीटर पहिल्या महिन्यात नाही घेतला तरी चालेल. घ्याल तेव्हा कॅट 3, 600 व्होल्ट असं सुरक्षेचं रेटिंग आणि बीप देणारी कंटिन्युइटी (तार अखंड आहे का ते तपासायची सोय) बघा. मुख्य विजेला हात लावायचं काम नव्या माणसाचं नाही. तुमचा मीटर एक्सएलआर (गोल जोडणीच्या, सिग्नलच्या) केबल तपासायला : पिन 1 ला 1, 2 ला 2, 3 ला 3 वाजली पाहिजे, एकमेकींशी नाही. डीएमएक्स (दिव्यांचा नियंत्रण-सिग्नल) साखळीच्या शेवटी लावायच्या टर्मिनेटरवर पिन 2 आणि 3 मध्ये साधारण 120 ओहम दिसले तर तो ठीक. दिवे मधूनच लुकलुकायला लागले की आधी हे दोन तपासा, कन्सोलला (दिवे चालवायच्या बोर्डला) दोष नंतर.

खरेदीइतकंच महत्त्वाचं काम कॉलेजचं खातं बंद होण्याआधीचं आहे. आराखड्याच्या सॉफ्टवेअरचा विद्यार्थी परवाना मुदतीपुरता असतो, म्हणून लाइट प्लॉट (कोणता दिवा कुठे त्याचा आराखडा) आणि क्यू शीट पीडीएफमध्ये काढून स्वतःकडे ठेवा. पोर्टफोलिओत टाकण्याआधी डिझायनरची परवानगी घ्या आणि आपण नेमकं काय केलं तेवढंच लिहा : 'प्रकाशयोजना' नव्हे, 'फोकसिंग आणि बोर्ड ऑपरेटिंग'. हातात कन्सोल नसेल तेव्हा सरावासाठी ईटीसी कंपनीचं नोमॅड हे कन्सोलचं सॉफ्टवेअर मोफत उतरवता येतं. परवाना-किल्लीशिवाय त्यातून खऱ्या दिव्यांना सिग्नल जात नाही, पण क्यू लिहिणं, पॅचिंग (कोणता दिवा कोणत्या चॅनेलवर ते जोडणं) आणि इफेक्ट घोटून घ्यायला ते पुरेसं आहे. साउंडसाठी क्यूलॅब या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती आहे, फक्त ती मॅकवरच चालते. त्यामुळे केवळ त्यासाठी नवा लॅपटॉप घेण्याआधी ज्या नाट्यसंस्थांकडे काम मागणार आहात त्या काय वापरतात ते विचारून घ्या.