एमजीबीचा ट्यूब अ‍ॅक्सल, ऑइल सीलच्या तीन जोड्या आणि चौदा महिने

परवा रविवारी मागचं डावं चाक काढलं, ड्रम ओढला आणि बॅकप्लेटच्या (ब्रेकमागच्या पत्र्याच्या तबकडीच्या) तळाशी बोट फिरवलं. बोटाला लागली ती फक्त राखाडी भुकटी. तेल नाही. ऑइल सील म्हणजे फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारं रबराचं कडं; त्याच्या तिसऱ्या जोडीतलं या बाजूला बसवल्याला आता चौदा महिने होतील आणि गाडी साडेतीन हजार मैल फिरली आहे, म्हणून धीर करून लिहायला बसले. याआधी दोनदा लिहायला घेतलं होतं. दोन्ही वेळा नुसत्या शिव्या निघाल्या असत्या, आणि त्यातल्या निम्म्या चुकीच्या माणसाला पडल्या असत्या हे आता कळतंय.

गाडी म्हणजे एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, 1966 ची रोडस्टर (उघड्या टपाची), साध्या स्टीलच्या चाकांची. आम्ही इंग्लंडमध्ये कव्हेंट्रीला राहतो. एमजीबी असलेल्यांना हे सांगायला नको, पण 1967 पर्यंतच्या रोडस्टरला मागे बँजो प्रकारचा अ‍ॅक्सल (मागच्या दोन चाकांमधला, ती फिरवणारा आडवा भाग) यायचा आणि बंद टपाच्या जीटीला मात्र 1965 साली ती बाजारात आली तेव्हापासूनच सॅलिसबरी ट्यूब अ‍ॅक्सल. एकच कंपनी, एकाच अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात, एकाच वर्षी दोन वेगळे अ‍ॅक्सल बसवत होती. माझ्या बँजोचा डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) क्लच सोडला की 'ठक्' करायचा आणि वेग वाढला की रडायचा. गंजून गेलेल्या एका जीटीखालचा ट्यूब अ‍ॅक्सल स्वस्तात मिळाला, तो घेतला. प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून अ‍ॅक्सलपर्यंतच्या दांड्याच्या) लांबीत फरक पडतो, ब्रेकचे पाइप बदलावे लागतात, ते सगळं केलं. त्याबद्दल काही तक्रार नाही. मिळालेला अ‍ॅक्सल जुनाच, तर गाडीला लावण्याआधी त्यात बेअरिंग आणि सील नवी टाकून घ्यावीत म्हणून सीलची जोडी मागवली, आणि तिथून कथा सुरू झाली.

इथल्या सगळ्या ऑनलाइन दुकानांत पहिल्या पानावर एक चौकोन असतो: गाडीचा रजिस्ट्रेशन नंबर टाका. टाकला. 'तुमच्या गाडीला हमखास बसेल' अशी हिरवी खूण आली आणि तीन दिवसांत बँजोची सीलं घरी! चूक दुकानाची म्हणावी तर तसंही नाही, कारण सरकारदरबारी माझी गाडी 1966 ची रोडस्टरच आहे आणि तिच्या पोटाखाली कोणता अ‍ॅक्सल आहे हे त्या चौकोनाला कळणार कुठून? पण परत पाठवायला गेले तेव्हा पाकीट फोडलं म्हणून पाचवा हिस्सा कापणार, वर टपालखर्च माझा. नऊ पौंडांच्या जोडीसाठी सहा पौंड घालवायचे. राहू दे म्हटलं. चार ईमेल झाली, पाचवीला उत्तरच नाही.

त्या चौकोनाचा मला आजही राग आहे. सील हे गाडीचं नसतं, ज्या दांड्यावर आणि ज्या भोकात बसतं त्यांचं असतं. लहानपणी बाबांबरोबर पुण्यात नाना पेठेत जायचे, तेव्हा दुकानदाराने कधी गाडीचा नंबर विचारल्याचं आठवत नाही. जुनं सील काउंटरवर टाकायचं, तो व्हर्नियर लावायचा, आतलं माप, बाहेरचं माप, जाडी, आणि मागे वळून न बघता खोक्यातून दुसरं काढायचा. पद्मिनीचं आहे की टेम्पोचं, त्याला देणंघेणं नसायचं.

आता दोन्हीतला फरक, कारण हे दोन अ‍ॅक्सल दिसायला भाऊ-भाऊ वाटले तरी आतून व्यवहार उलटा आहे. बँजोमध्ये सील हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) आतल्या बाजूला ठोकलेलं असतं आणि हबबरोबर फिरतं. केसिंगचं, म्हणजे अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या कवचाचं, टोक स्थिर असतं. हाफ शाफ्टची (चाक फिरवणाऱ्या दांड्याची) फ्लँज, म्हणजे टोकाची चपटी तबकडी, बाहेरून हबला लागते आणि तिथे वेगळी ओ-रिंग आणि कागदी गॅसकेट लागते. ट्यूबमध्ये बेअरिंगच्या बाहेर एक टोपी असते, सील त्या टोपीत गप्प बसलेलं असतं आणि शाफ्टवरची एक कॉलर (कडं) त्याच्या ओठात, म्हणजे रबराच्या आतल्या कडेत, फिरते. फिरतं कोण आणि थांबतं कोण हेच बदललं, तर एकाचं सील दुसऱ्याला लागणार कसं? ट्यूबची सोय अशी की नुसतं सील बदलायचं असेल तर शाफ्ट ओढून काढावा लागत नाही. ड्रम, हब, चार बोल्ट, टोपी हातात. हब मात्र पुलरशिवाय (खेचून काढायच्या अवजाराशिवाय) हलत नाही, उगाच हातोडा घेऊ नका.

दुसरी जोडी दुसऱ्या दुकानातून फोन करून, 'ट्यूब, ट्यूब, ट्यूब' असं तीनदा सांगून घेतली. बरोबर आली. बसवली. हबचा नट 150 फूट-पौंडांना आवळायचा असतो, त्यासाठी नवऱ्याला पान्याला लावलेल्या पाइपवर उभं केलं. स्प्लिट पिनचं (नट सुटू नये म्हणून आरपार घालायच्या पिनेचं) भोक जुळलं नाही तर नट पुढेच आवळायचा, मागे सोडायचा नाही, एवढं मला माहीत होतं. दोनशे मैलांत दोन्ही बाजूंनी तेल. बॅकप्लेटवर काळं चकचकीत पंख्यासारखं उमटलेलं, टायरच्या आतल्या भिंतीवर शिंतोडे, आणि गॅरेजमध्ये गिअर ऑइलचा तो गंधकासारखा वास. ब्रेकचे लाइनर भिजले. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे 2018 पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही, पण मी दरवर्षी नेते. तिथल्या माणसाने मागच्या ब्रेकचे आकडे बघून नुसती मान हलवली.

तेव्हा फोनवर लिहून ठेवलेलं मत असं होतं: 'हल्लीची नायट्राइलची सीलं कचरा आहेत. स्प्रिंग केसासारखी, रबर टणक. पैसे वाया.' हे मत मी आता मागे घेते. पूर्ण नाही, पण बरंचसं.

बाबांना फोनवर रडगाणं ऐकवलं. ते पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेत, पद्मिनीच्या मागच्या ड्रममधलं तेल त्यांनी आयुष्यभर पुसलंय. त्यांनी एकच विचारलं, "अगं, ब्रीदर बघितलास का?" मी म्हटलं, हो हो. बघितला नव्हता. (ब्रीदर म्हणजे अ‍ॅक्सलमधली हवा बाहेर सोडणारं छोटं भोक.) टॉर्च घेऊन खाली गेले. अ‍ॅक्सल बसवण्याआधी मी हौसेने तारेच्या ब्रशने घासून काळा रंग दिला होता, दोन हात. ब्रीदरवरही दोन हात! आतलं तेल तापलं की हवा फुगते, तिला वाट मिळाली नाही की ती सीलच्या ओठातून वाट काढते. रंग खरवडला, तारेने भोक मोकळं केलं. उजवी बाजू बरीच सुधारली. डावी तशीच.

मग तेल काढून बघायचं ठरवलं. स्वयंपाकघरातला मापाचा जग वापरला (नंतर नवा आणून दिला, तो विषय घरात बंद आहे). जगात सव्वा लिटरच्या आसपास तेल आलं. मॅन्युअल उघडलं: सव्वादोन पाइंट, म्हणजे 1.28 लिटर. बरोबरच की! मग पुढची ओळ वाचली. ते बँजोचं. ट्यूबला दीड पाइंट, 0.85 लिटर. मी भरताना 1966 ची रोडस्टर म्हणून वरची ओळ वाचली होती. म्हणजे त्या हिरव्या खुणेच्या चौकोनाने जे केलं तेच मीही केलं, फक्त मला कुणी पाचवा हिस्सा कापून घेतला नाही. तुम्ही म्हणाल, जास्त झालं तर भरायच्या भोकातून बाहेर येतं ना? येतं, गाडी सपाट असेल तर. माझ्या गाडीची मागची बाजू घोड्यांवर (गाडी उचलून ठेवायच्या स्टँडवर) उंच होती आणि नाक खाली. ट्यूबचं भोक मागच्या झाकणावर असतं, ते वर गेलं आणि अ‍ॅक्सल निमूटपणे पीत राहिला.

तेल मापात आल्यावर उजवी बाजू कोरडी झाली, ती आजतागायत. त्याच 'कचरा' सीलवर. डावीला मात्र अजून पाझर होता. टोपी पुन्हा काढली आणि कॉलरवर नख फिरवलं. नख अडकलं. जुन्या सीलच्या ओठाने पन्नास-पंचावन्न वर्षांत कॉलरवर बारीक खाच पाडली होती, नव्या सीलचा ओठ नेमका त्या खाचेत बसत होता. यावर स्पीडी-स्लीव्ह नावाची पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची स्टेनलेसची नळी चढवता येते, मी ती मागवणारही होते. किंमत बघितली आणि मग नव्या कॉलरची बघितली. कॉलर निम्म्याहून स्वस्त! जिथे कॉलर वेगळी निघते तिथे स्लीव्हच्या नादाला लागू नका. बँजोसारखं सील केसिंगवरच घासत असेल तर मात्र स्लीव्ह कामाची.

डावीचं सील काढताना दुखावलं, म्हणून तिसरी जोडी. या वेळी ऑनलाइन नाही. औद्योगिक वसाहतीतल्या बेअरिंगच्या दुकानात जुनं सील, टोपी आणि नवी कॉलर पिशवीत घालून नेली. काउंटरवरच्या म्हाताऱ्याने रजिस्ट्रेशन विचारलं नाही. व्हर्नियर काढला. मला क्षणभर नाना पेठेत उभी आहे असं वाटलं. एक इशारा त्याने दिला तो इथे देते: हे अ‍ॅक्सल इंचातले आहेत, आणि जवळचं मिलिमीटरचं सील हाताने ढकललं तर बसल्यासारखं वाटतं. समजा माप पावणेदोन इंच, म्हणजे 44.45 मिलिमीटर, 45 चं सील चढेल, चार दिवस धरेल, मग गळेल. दुहेरी ओठाचं घ्या, आतला तेलासाठी, बाहेरचा धुळीसाठी. व्हिटॉन (जास्त उष्णता सोसणारं, महाग रबर) घेऊ का विचारलं, तर म्हणाला एवढं तापतच नाही, नायट्राइल पुरे. जास्त पैसे घेण्याची संधी सोडणारा दुकानदार बघून बरं वाटलं.

बसवताना ओठाला गिअर ऑइल चोपडलं, सील मोठ्या सॉकेटने सरळ दाबलं, स्प्रिंगची बाजू आत. हबच्या आतल्या दातांवर (स्प्लाइनवर) सीलंट लावलं, कारण ट्यूबमध्ये तेल या दातांमधूनही बाहेर डोकावतं आणि दोष सीलच्या माथी जातो. गुण द्यायचेच तर तिसऱ्या जोडीला पाचात साडेचार. अर्धा कापला कारण एका सीलवर मापाचा शिक्का इतका पुसट की भिंग घ्यावं लागलं. दुसऱ्या जोडीला आता साडेतीन. आधी एक देणार होते. पहिलीला काय द्यायचे, ती बसलीच नाही.

ती पहिली जोडी अजून पाकिटात आहे. कुणा बँजोवाल्याला हवी असेल तर टपालखर्चात पाठवीन. मात्र मागायच्या आधी गाडीखाली वाकून बघा. मागून पाठ गुळगुळीत, गोल फुगलेली असेल तर बँजो. बोल्टांनी बसवलेलं झाकण दिसलं तर ट्यूब, मग आरसीवर काहीही लिहिलेलं असो.