एचएलएच: स्टेरॉइडवर थांबावे की एटोपोसाइड सुरू करावे?

ताप हटत नाही, प्लीहा वाढली आहे, रक्तपेशी घसरत आहेत आणि फेरिटिन (लोह साठवणारे, दाहात वाढणारे प्रथिन) दहा हजारांवर गेले आहे, अशा रुग्णात हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिसची (एचएलएच, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा आवर सुटून शरीरभर उठणारा दाहाचा भडका) शंका आली की खरा पेच उपचारांचा असतो: स्टेरॉइडवर थांबावे की एटोपोसाइड हे केमोथेरपीचे औषध सुरू करावे. निदानासाठी २००४ च्या (एचएलएच-२००४) आठ निकषांपैकी पाच हवेत. परंतु एनके पेशींचे (रोगट पेशी मारणाऱ्या प्रतिकारक पेशी) कार्य आणि विद्राव्य सीडी२५ (प्रतिकारक पेशी चेतल्याची रक्तातील खूण) या तपासण्या अनेक ठिकाणी होत नसल्याने प्रौढांमध्ये एच-स्कोअर (लक्षणे व तपासण्यांवरून काढलेले गुण; १६९ च्या वर असल्यास एचएलएच संभवतो) अधिक सोयीचा ठरतो. बोनमॅरोत रक्तपेशी गिळणाऱ्या पेशी दिसल्याच पाहिजेत असे नाही. ती तपासणी मुख्यतः लिम्फोमा (लसीका पेशींचा कर्करोग) आणि काळाआजाराचे जंतू शोधण्यासाठी करावी.

पहिला मार्ग मूळ आजारावर उपचार आणि गरजेपुरते स्टेरॉइड असा आहे. स्क्रब टायफसमध्ये (चिगर किड्यांमुळे होणारा जिवाणू-ताप) डॉक्सिसायक्लिनने आणि काळाआजारात लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनने पुष्कळदा हा भडकाही शमतो, म्हणून तेथे केमोथेरपीची घाई माझ्या मते अपायकारकच आहे. बालसंधिवातात किंवा स्टिल्स आजारात (ताप, पुरळ व सांधेदुखीचा दाहक आजार) मिथाइलप्रेडनिसोलोनचे मोठे डोस, जोडीला ॲनाकिन्रा किंवा सायक्लोस्पोरिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, हा क्रम योग्य होय. येथे ईएसआर (रक्तपेशी खाली बसण्याचा वेग, दाहाची एक खूण) फसवतो: फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारे प्रथिन खर्ची पडल्यामुळे तो उतरतो आणि रुग्ण सुधारत असल्याचा भास होतो, मात्र सीआरपी (दाहाची दुसरी खूण) चढलेलाच राहतो. लिम्फोमाची शंका असल्यास, रुग्णाची स्थिती परवानगी देत असेल, तर बायॉप्सी आधी घ्यावी, कारण स्टेरॉइडने निदान झाकले जाते.

दुसरा मार्ग, म्हणजे डेक्सामेथासोन (प्रति चौरस मीटर १० मिग्रॅ) आणि एटोपोसाइड (प्रति चौरस मीटर १५० मिग्रॅ, पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढे आठव्या आठवड्यापर्यंत आठवड्यातून एकदा), हा १९९४ च्या (एचएलएच-९४) उपचारपद्धतीचा असून त्या अभ्यासातील मुलांपैकी ५४ टक्के पाच वर्षांनंतर हयात होती. आनुवंशिक प्रकारात, तीव्र ईबीव्ही (एप्स्टाइन-बार विषाणू) संसर्गात, किंवा पुरेसे स्टेरॉइड देऊनही रुग्ण झपाट्याने ढासळत असेल, तर हाच मार्ग धरावा. रक्तपेशी कमी आहेत म्हणून एटोपोसाइड टाळणे ही मला सर्वांत महाग पडणारी सावधगिरी वाटते, कारण रक्तपेशी मूळ आजारामुळेच कमी झालेल्या असतात. प्रौढांना मात्र डोस कमी आणि आठवड्यातून एकदाच देणे पुष्कळदा पुरते.

आनुवंशिक प्रकारात एटोपोसाइड केवळ बोनमॅरोच्या (मूळपेशींच्या) प्रत्यारोपणापर्यंत वेळ मिळवून देते. दाता म्हणून सख्खे भावंड निवडण्यापूर्वी त्याचीही जनुकीय तपासणी करावी. तोच दोष त्याच्यातही, लक्षणे न दाखवता, असू शकतो.