जनरेटरचं प्रोपेन किट बुलेटला बसवलं तर

'जनरेटर एलपीजी किट' या नावाने ऑनलाइन जे मिळतं त्यात मोजून चार वस्तू असतात. पसरट डब्यासारखा डिमांड रेग्युलेटर, म्हणजे इंजिनाच्या ओढीने आतला पडदा उघडून गॅस सोडणारा, आणि त्यावर हाताने थोडा गॅस सोडायचं प्रायमरचं बटण. कार्बोरेटरच्या तोंडाला लागणारी मिक्सरची चकती. हातभर पिवळी नळी. आणि गॅसचा प्रवाह कमी-जास्त करायला नळीत मध्येच घालायचा लोड स्क्रू. किट बनलंय 3000 आरपीएमवर एकसुरी चालणाऱ्या 200 सीसीच्या आतल्या इंजिनासाठी. तरी हौशी मंडळी ते जुन्या कास्ट आयर्न बुलेट 350 ला लावतातच.

इंजिनाची निवड चुकीची नाही. 70 मिमी बोअर आणि 90 मिमी स्ट्रोकचं 346 सीसी, कॉम्प्रेशन जेमतेम 7.25, प्लॅटिनम पॉइंटचं इग्निशन, मिकार्बचा साधा 24 मिमी स्लाइड कार्बोरेटर. प्रोपेनचा ऑक्टेन शंभरच्या वर असल्यामुळे नॉकिंगचा प्रश्न नाही, आणि ठिणगीचं टायमिंग पेचकसाने हलवता येतं. अडतं ते किटपाशी.

हिशोब करून बघा. 3000 आरपीएमला फुल थ्रॉटलवर हे इंजिन मिनिटाला साधारण 415 लिटर हवा ओढतं. प्रोपेनला आकारमानाने 24 पट हवा लागते, म्हणजे गॅस सोळा-सतरा लिटर. तेच 900 आरपीएमच्या आयडलिंगला दीड लिटर. अकरा पटीचा फरक. जनरेटरला वेग कायम राखणारा गव्हर्नर असतो, तो कधी आयडलिंगवर उतरतच नाही, म्हणून एका लोड स्क्रूवर त्याचं भागतं. बुलेटला तो स्क्रू वरच्या रेसला जुळवला की सिग्नलला गाडी बंद, आणि आयडलिंगला जुळवला की चढावर दम नाही.

याचं मूळ मिक्सरच्या जागेत आहे. चकती बसते एअर फिल्टर आणि कार्बोरेटर यांच्या मध्ये, म्हणजे थ्रॉटलने वरखाली होणाऱ्या स्लाइडच्या अलीकडे. स्लाइड मिटलेली असताना तिथे ओढ जवळजवळ नसतेच, त्यामुळे रेग्युलेटरचा पडदा उघडत नाही. लोक मग प्रायमर दाबून धरतात किंवा पडद्याची स्प्रिंग ढिली करतात. ती मुळीच करू नका. ढिल्या स्प्रिंगचा रेग्युलेटर इंजिन बंद असतानाही झिरपतो, आणि प्रोपेनची वाफ हवेच्या दीडपट जड असल्याने ती खाली गाडीभोवतीच साचते. खरा उपाय म्हणजे रेग्युलेटरनंतर तीन तोंडांचा एक टी काढून बारीक नळी स्लाइडच्या पलीकडे, इनटेक मॅनिफोल्डला न्यायची आणि तिच्यावर नीडल व्हॉल्व्ह बसवायचा. आधी आयडलिंग तिथे जुळवायचं, नंतर मुख्य स्क्रू. उलट क्रमाने केलं तर दिवस जातो. चकतीचं भोक 24 मिमीपेक्षा लहान निघालं तर वरचा वेग तिथेच खुंटतो. लेथवर मोठं करून घ्यावं लागतं.

टायमिंग तीन-चार डिग्री पुढे घ्या, म्हणजे ठिणगी लवकर पडेल असं. पॉइंटचा कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून प्लेट सरकवायची ती दोनच डिग्री. इथे घोळ घालणारे पुष्कळ. प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर सोडणारा), गॅप अर्धा मिमी, कारण गॅस मिश्रणात ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. सप्रेसर कॅप जुनी असेल तर ती आधी बदला. मिश्रण लीन (गॅस कमी) आणि ठिणगी कमजोर असली की आग इनटेककडे उलटते, फटाका फुटतो आणि फिल्टर जागचा उडतो. यात दोष बहुतेक वेळा विजेच्या बाजूचा, शिव्या मात्र गॅसला. गॅसवर नेण्यापूर्वी पेट्रोलचा कॉक बंद करून फ्लोट बाउल रिकामा होईपर्यंत इंजिन चालवा. दोन्ही इंधनं एकत्र गेली तर काळा धूर ठरलेला. टॅपेटची फट नेहमीपेक्षा लवकर तपासत राहा, कोरड्या इंधनावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजून खाली बसत जाते.

किटच्या माहितीपत्रकात ज्याचा उल्लेखही नसतो ती गोष्ट म्हणजे वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता. फुल थ्रॉटलला तासाला 1.8 किलो गॅस जातो. तेवढा उकळायला साधारण पावणेदोनशे वॅट उष्णता लागते आणि ती येते टाकीच्या पत्र्यातून. लहान टाकी ती पुरवू शकत नाही. दहा-पंधरा मिनिटांत पत्र्यावर दव, मग पांढरा बर्फ, आणि दाब बसतो. मोटारींच्या किटमध्ये रेडिएटरच्या गरम पाण्यावर चालणारा व्हेपोरायझर, म्हणजे द्रव गॅसची वाफ करणारा भाग, असतो. हवेने थंड होणाऱ्या बुलेटला ते पाणी आणायचं कुठून?

आपल्याकडे त्यात आणखी एक मेख. भारतातला एलपीजी शुद्ध प्रोपेन नाही, त्यात ब्यूटेन भरपूर. प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतं, साधं ब्यूटेन शून्याच्या जेमतेम खाली. वरची वाफ ओढत गेलं की प्रोपेन आधी संपतं आणि तळाशी ब्यूटेन उरतं. ब्यूटेनला हवा 31 पट लागते, म्हणून भरलेल्या टाकीवर बरोबर जुळवलेला स्क्रू शेवटच्या किलोवर दहा-बारा टक्के रिच होतो, म्हणजे गॅस जास्त जातो. प्लग काळा दिसला की लगेच स्क्रू आवळू नका, आधी टाकीचं वजन करा. नाशिकच्या थंडीत पहाटे तर शेवटचा किलो बाहेरच येत नाही. ऑटो एलपीजीची (गॅसवरच्या मोटारींची) टाकी जोडणं हा त्यावरचा तोडगा नव्हे. तिच्यातून द्रव बाहेर येतो, आणि द्रव या रेग्युलेटरमध्ये शिरला तर पडदा गारठून कडक होतो.

कायद्याचं सांगायचं तर घरगुती 14.2 किलोचा लाल सिलिंडर वाहनाला जोडणं गुन्हा आहे. इंधन बदलायचं तर त्या मॉडेलसाठी मान्यता मिळालेलं किट हवं आणि आरसी बुकावर नोंद हवी, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार. या किटला ती मान्यता नाही. तेव्हा वर लिहिलेलं सगळं वर्कशॉपच्या उघड्या अंगणात, स्टँडवर लावलेल्या इंजिनापुरतं. तिथे ताकद कमी का वाटते, कार्बन किती कमी धरतो, ऑइल किती दिवस स्वच्छ राहतं हे शिकायला किट झकास आहे. इनटेकमधली चारेक टक्के जागा गॅसच खातो आणि पेट्रोलच्या उडून जाण्याने मिळणारा गारवाही नसतो, म्हणून ताकद कमी पडते. मायलेज किलोला किलो पेट्रोलच्याच आसपास.

पैशाच्या मानाने रेग्युलेटर चांगला: पडदा मऊ, झाकणाचे स्क्रू पितळी, दुरुस्तीला उघडता येतो. मिक्सरची चकती कामचलाऊ. पिवळी नळी मात्र पहिल्याच दिवशी फेकून आयएस 9573 छापलेली सुरक्षा होज घाला, सांधे क्लिपने आवळा आणि साबणाच्या पाण्याने तपासा. फेस प्रायमरच्या बटणापाशीही लावा, बुडबुडा बहुधा तिथेच दिसतो.