कामावर जाण्यासाठी सायकल: साधी, गिअरची, घडीची की विजेची?

सायकलने कामावर जायचे ठरले की पहिली फेरी दुकानाकडे होते आणि तिथे गिअर किती, ब्रेक कोणते, रंग कोणता यावरच निवड आटोपते. माझ्या मते त्याआधी तीन गोष्टी घरी बसून कागदावर लिहून काढाव्यात: एका बाजूचे अंतर किती, वाटेत चढ किती आणि कामाच्या ठिकाणी दिवसभर सायकल उभी कुठे राहणार. पहिले दोन प्रश्न प्रत्येकाला सुचतात. तिसरा सहसा राहून जातो आणि घेतलेली सायकल दोन महिन्यांत जिन्याखाली धूळ खात पडते, ती बहुतेक वेळा याच कारणामुळे.

अंतराचा हिशेब सोपा आहे. सवय नसलेल्या माणसाचा शहरातला वेग, सिग्नलवरचे थांबे धरून, ताशी 12 ते 15 किलोमीटर असतो. म्हणजे 5 किलोमीटरला 20 ते 25 मिनिटे आणि 10 किलोमीटरला 40 ते 50 मिनिटे लागतात. पाचाच्या आतले अंतर जवळजवळ कोणत्याही सायकलीवर कापता येते. सायकलीच्या प्रकाराने खरा फरक पडू लागतो तो त्यापुढे.

बिनगिअरची साधी सायकल कमी लेखली जाते, ते योग्य नाही. पाठ ताठ ठेवून बसता येते, त्यामुळे रहदारीत दूरवरचे दिसते. साखळीवर पूर्ण झाकण असल्याने कपड्यांना वंगण लागत नाही. मडगार्ड, कॅरियर आणि स्टँड बहुधा सायकलीबरोबरच येतात. बिघडण्यासारखे भाग कमी असल्याने दुरुस्तीही कुठेही होते. तिच्या उणिवा मात्र ठाम आहेत. चढावर आणि समोरच्या वाऱ्यात पायांवर सगळा भार येतो, आणि लोखंडी रिमवर रबर घासणारे ब्रेक पावसात फार उशिरा लागतात. रस्ता सपाट, अंतर थोडे आणि पावसात सायकल न काढण्याची मुभा असेल, तर हिच्यापलीकडे शोधण्याची गरज नाही.

गिअरच्या सायकलींमध्ये कामासाठी मी हायब्रिड सुचवतो, म्हणजे सरळ हँडल, मोठी चाके आणि साधारण 32 ते 42 मिलिमीटर रुंदीचे टायर असलेली सायकल. रेसिंग सायकलीचे अरुंद टायर खड्ड्यांना पुरे पडत नाहीत, आणि माउंटन सायकलीचे जाड उंचवट्यांचे टायर डांबरी रस्त्यावर उगाच जोर खातात. पुढच्या शॉकअपचा मोह बहुतेकांना होतो, पण डांबरी रस्त्यावर त्याचा उपयोग थोडा, वजन मात्र किलो-दोन किलो जास्त, आणि उभे राहून पेडल मारताना काही जोर त्याच्या दबण्यातच जातो. शॉकअप नसलेला साधा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुफाटा, असला तरी रुंद टायर लावून हवा किंचित कमी ठेवली की रोजचे हादरे पुरेसे मऊ होतात. गिअरच्या मोठ्या आकड्यालाही भुलू नये, कारण 21 गिअरमधले बरेचसे एकमेकांच्या इतके जवळ असतात की फरक जाणवत नाही. पुढे एक आणि मागे सात-आठ चक्र्या असल्या तरी शहरात भागते.

इथे नवशिक्याला हमखास नडणारी एक गोष्ट सांगायला हवी. साखळी एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारे गिअर पेडल फिरत असतानाच बदलतात, म्हणून सिग्नल दिसताच थांबण्याआधी हलका गिअर टाकावा लागतो. नाहीतर दिवा हिरवा झाल्यावर जड गिअरमध्ये अडखळत निघावे लागते आणि मागे गाड्या असतात. मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधोमध असलेल्या नळकांड्यात, बंद असलेले गिअर उभ्या-उभ्याही बदलता येतात, चिखल-पाण्यापासूनही सुरक्षित राहतात. मात्र ते जड असतात आणि पंक्चर काढताना मागचे चाक सोडवणे किचकट होते. हायब्रिड घेताना मडगार्ड आणि कॅरियर बसवण्यासाठी फ्रेमवर आट्यांची छिद्रे आहेत का, हे आवर्जून पाहावे. सामान कॅरियरच्या पिशवीत गेले की पाठ मोकळी राहते, आणि घामाची अर्धी तक्रार सायकलीची नसून पाठीवरच्या सॅकची असते.

घडीची सायकल हे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. उभी करायला सुरक्षित जागा नसेल किंवा अर्धा प्रवास रेल्वेने अथवा बसने होत असेल, तर ती टेबलाखाली मावते आणि कुलपाची काळजी मिटते. तिची 16 किंवा 20 इंचांची चाके खड्ड्यात जास्त आपटतात, हँडल चटकन वळते आणि वजन हातात धरून चालताना जाणवते. म्हणून दुकानात ती चालवून पाहण्याबरोबर घडी घालून जिना चढूनही पाहावे. केवळ नीटनेटकी दिसते म्हणून लांबच्या सलग प्रवासासाठी ती घेऊ नये.

विजेच्या सायकलीबद्दलचा गैरसमज असा की तिच्यावर कष्ट उरतच नाहीत. पेडल मारल्यावर मदत करणाऱ्या सायकलीत पाय चालवावेच लागतात. मोटर फक्त चढ, वारा आणि थांबून पुन्हा निघणे हलके करते. अनेक देशांच्या नियमांत अशा मोटरला 250 वॉट आणि ताशी 25 किलोमीटरची मर्यादा आहे, त्यापुढचा वेग स्वतःच्या पायांचाच. दहा किलोमीटर चढाची वाट असेल किंवा पोहोचताच लोकांसमोर बसायचे असेल, तर ती फार मोलाची ठरते. पण तिचे वजन सहसा 20 किलोंच्या पुढे जाते, बॅटरी संपली की हेच वजन पायांवर येते, आणि काही वर्षांनी बॅटरी बदलण्याचा खर्च ठरलेला असतो. बॅटरी काढून घेता येते का, हे घेण्याआधी विचारावे. ती निघत नसेल आणि सायकल जिथे उभी राहते तिथे वीज नसेल, तर रोजचे चार्जिंग हीच अडचण होऊन बसते.

हायब्रिड आणि विजेची यांत मन अडकले असेल, तर कोणाची तरी गिअरची सायकल मागून आणून सुटीच्या दिवशी नेहमीच्या वाटेने जाऊन यावे, आणि मग कामाच्या दिवशी, ऐन गर्दीच्या वेळी, पुन्हा एकदा. गाडीची वाट सायकलीला सोयीची असतेच असे नाही, म्हणून आतल्या रस्त्यांनीही एक फेरी करावी. सीटची उंची आधी बसवून घ्यावी: टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली नेले की पाय सरळ व्हायला हवा. सीट खाली राहिली तर गुडघे दुखतात आणि दोष चढाला दिला जातो. उंची नीट असूनही परतीच्या चढावर उतरून चालावे लागले आणि दोन-तीन आठवड्यांच्या सवयीनंतरही तसेच राहिले, तर विजेच्या सायकलीचा जादा खर्च करायला हरकत नाही.